गॅरेजवाले ‘रॅक गेलाय’ म्हणाले, तर आधी लिंक रॉड हलवून बघा

गणपतीला कोकणात जायचं म्हणून गाडी गॅरेजला टाकली जाते. तक्रार साधी असते: खड्ड्यातून हळू जाताना पुढून टकटक आवाज येतो. गाडी छोटी हॅचबॅक, 60-70 हजार किलोमीटर चाललेली. दोन दिवसांनी बिल येतं. दोन शॉकअप, दोन लोअर आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे खालचे दांडे), दोन टायरॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याची टोकं), स्टीयरिंग रॅकचं (स्टीयरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांड्याचं) काम, अलाइनमेंट आणि वर ‘कॅम्बर सेटिंग’, म्हणजे चाकाचा उभा कल बदलणं. आकडा तीस हजारांच्या पुढे. आवाज गेलेला असतो, त्यामुळे मालक मुकाट्याने पैसे देतो.

महिन्याभरात आवाज परत येतो आणि आता स्टीयरिंगही जड लागतं. दुसरीकडे रॅम्पवर घेतल्यावर उलगडा होतो. दुखणं स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडचं होतं. वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या बारला चाकाकडच्या भागाशी जोडणारा हा छोटा दांडा. साधारण हजार-दोन हजारांत जोडी मिळते आणि तासाभरात बसते. बिलातले ‘नवे’ लोअर आर्म म्हणजे जुनेच, काळा रंग फासलेले. रॅक तर उघडलेलाच नाही, नुसता मागचा नट आवळलाय.

या फसवणुकीचा साचा ठरलेला आहे. गाडी जॅकवर असताना मालकाला खाली वाकून बघायला बोलावतात, तिथेच अर्धं काम होतं.

पहिला प्रयोग टॉमीचा, म्हणजे लोखंडी पहारीचा. लोअर आर्मच्या बुशमध्ये (सांध्यातल्या रबरात) टॉमी घालून जोर दिला की आर्म हलतो. ‘बघा साहेब, बुश संपलाय!’ शोरूममधून आज निघालेल्या गाडीचा बुशही असाच हलेल, कारण रबर तेवढ्यासाठीच घातलेलं असतं. खराब बुश ओळखायचा तर रबर धातूच्या नळीपासून सुटलंय का, आरपार फाटलंय का आणि आर्म धातूला धातू लागतोय का, हे बघायचं. वरवरच्या बारीक भेगा वयाने येतात. तेवढ्यासाठी आर्म बदलायची गरज नाही.

दुसरा प्रयोग चाक हलवण्याचा. घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी हात धरून चाक हलवतात आणि प्ले (ढिलेपणा) दाखवतात. तेव्हा आत कोणी स्टीयरिंग धरलेलं नसेल आणि लॉकही उघडं असेल, तर सगळा रॅकच सरकतो आणि पलीकडचं चाकही हलतं. तो प्ले नव्हे. आत माणूस बसवा, स्टीयरिंग घट्ट धरायला लावा आणि मग हलवा. तरीही 9-3 ला खडखड असेल तर टायरॉड एंड किंवा आतला रॅक एंड (टायरॉडचं रॅककडचं टोक). 12-6 ला असेल तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्मला चाकाकडे जोडणारा गोल सांधा). दोन्हीतला फरक ओळखायला आतल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंटकडे बघा.

इथे गाडीची रचनाही बघावी लागते. स्विफ्ट, वॅगन-आर, आय-10 अशा स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या) गाड्यांत स्प्रिंगचा भार बॉल जॉइंटवर नसतो, त्यामुळे चेसिसखाली जॅक लावून चाक लोंबतं ठेवलं तरी प्ले कळतो. इनोव्हासारख्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. तिथे जॅक आर्मखालीच लावायला हवा. चेसिसखाली लावला तर स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि झिजलेला बॉल जॉइंटही ठणठणीत वाटतो.

लिंक रॉडचं उलट आहे. एकच बाजू जॅकवर उचलली की स्टॅबिलायझर बार पिळला जातो, लिंक रॉड ताणात येतो आणि त्याचा प्ले लपतो. खऱ्या दोषी पार्टवर नजर जाऊच नये असं वाटत असेल, तर एका बाजूला जॅक लावणं पुरतं! दोन्ही चाकं सारख्या उंचीवर ठेवा, म्हणजे दोन्ही जमिनीवर किंवा गाडी पूर्ण रॅम्पवर, आणि लिंक रॉड हाताने झटकून बघा. चांगल्या रॉडचा जॉइंट घट्ट वळतो, पण खडखडत नाही.

तिसरा प्रकार हायवेवर चालतो. शेजारून जाणारा खूण करतो, ‘ऑइल गळतंय’. थांबलात की कुठूनसा मेकॅनिक हजर होतो आणि शॉकअप ओला दाखवतो. शॉकअप खरोखर गळत असेल तर तेल वरच्या सीलपासून खाली ओघळतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट थर झालेला असतो. ताजं, स्वच्छ तेल स्प्रिंगवर आणि टायरच्या आतल्या बाजूलाही उडालेलं दिसलं, तर ते बाहेरून मारलेलं आहे. सीलजवळ किंचित ओलसर घाम दिसणं हा बिघाड नाही.

आता स्टीयरिंग, कारण मोठा आकडा तिथेच लावला जातो. गाडी जमिनीवर, चाकं सरळ, पॉवर स्टीयरिंग असेल तर इंजिन चालू. स्टीयरिंगच्या रिमवर टेप चिकटवा आणि बोटाने हळू फिरवा. टायर हलू लागेपर्यंत रिम किती सरकली ते दोन्ही दिशांना मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत एकूण 30 मिमीपर्यंतची मर्यादा दिलेली असते. तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. रॅकची चांगली गाडी त्याच्या बऱ्याच आत राहते.

प्ले जास्त निघाला तरी लगेच रॅकवर खापर नको. आतल्याने स्टीयरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने हालचालीचा माग काढत खाली जायचं. पेडलजवळच्या शाफ्टचा वरचा भाग फिरतो आणि खालचा मागे राहतो, तर मधला क्रॉस जॉइंट झिजलाय. इलेक्ट्रिक स्टीयरिंगच्या गाड्यांत रॅकच्या नावावर खपवलेला आवाज बरेचदा इथलाच असतो. शाफ्ट पूर्ण फिरतो पण रॅकचा दांडा उशिरा सरकतो, तर रॅक. दांडा सरकतो आणि चाक मागे राहतं, तर टायरॉड. टायरॉड एंडवर हात ठेवला की ठोका बोटांना जाणवतो. आतला रॅक एंड रबरी बूटावरून (धूळ-पाणी अडवणाऱ्या आवरणावरून) चाचपून कळतो. हे सगळं व्हायला दहा मिनिटं पुरतात.

रॅकच्या मागचा नट हा तर फार जुना हातखंडा. त्याच्या आतली स्प्रिंग रॅकला पिनियनवर (शाफ्टच्या टोकाच्या दातेरी चाकावर) दाबून धरते. नट आवळला की खडखड तात्पुरती थांबते. पण रॅक झिजतो तो मधोमध, जिथे सरळ चालताना दात लागतात. कडेचे दात जवळपास नवेच असतात. मधल्या झिजेला पुरेल इतकं आवळलं की कडेला ते अडकतात. वळणावरून बाहेर पडताना स्टीयरिंग आपोआप सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. मुंबई-गोवा रस्त्याच्या घाटवळणांवर अशी गाडी चालवणं धोक्याचं आहे.

पार्ट खरोखर बदलले, तरी काम बिघडवायला वाव भरपूर. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे असतात. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. शॉकअपचा वरचा नट इम्पॅक्ट गनने मारला की आतला दांडा गरगर फिरतो आणि सील दुखावतो. शॉकअप नवा आणि माउंटिंग, बेअरिंग जुनंच असेल, तर उभ्या गाडीत स्टीयरिंग वळवताना स्प्रिंगचा ‘टंग’ आवाज येतो. बॉल जॉइंट सोडवताना हातोडा बूटावर बसला तर रबर फाटतं, पहिल्याच पावसात पाणी आणि चिखल आत जातो. टायरॉड एंड बदलल्यावर टो (चाकं सरळ की आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन) बिघडतोच, म्हणून अलाइनमेंट लागते. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. ‘कॅम्बर सेटिंग’चे पैसे लावले असतील तर काय फिरवलं ते विचारा. अशा बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकांना फक्त टो बदलायची सोय असते. हायड्रॉलिक टूल लावून स्ट्रट वाकवणं म्हणजे सेटिंग नव्हे.

रंगवलेला पार्ट ओळखायला टॉर्च पुरते. नव्या लोअर आर्मच्या बूटावर, रबरावर किंवा बोल्टच्या आट्यांवर काळा रंग सांडलेला नसतो. रंगाखाली गंजाचे खळगे दिसले, किंवा बोल्टच्या डोक्यावर पान्याची ताजी खूण नसली, तर तो पार्ट निघालेलाच नाही. गाडी देण्याआधी बदलायच्या पार्टवर व्हाइटनरचा ठिपका लावा, फोटो काढा आणि जुने पार्ट परत मागा. ठिपका नसलेला पार्ट दाखवला तर तो कुठल्या तरी दुसऱ्या गाडीचा. खोकीही बघा: त्यावर एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असलं पाहिजे, आणि पार्ट नंबर बिलातल्याशी जुळायला हवा.

‘बिल नको, जीएसटी वाचवतो’ याला हो म्हटलं की पुढचा पुरावा हातातून गेला. पक्कं बिल, ठिपक्याचे फोटो आणि दुसऱ्या गॅरेजचं लेखी निरीक्षण असेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही, मुदत 2 वर्षांची. दुसऱ्या गॅरेजमध्ये काही खोलण्याआधी मात्र व्हिडिओ काढा. एकदा लोअर आर्म उतरवून धुतला की रंगही गेला आणि केसही.