पत्रा, दिवे आणि खोकं: डीडीआर५ रॅम घेताना जादा पैसे कशाचे द्यायचे?

डीडीआर५ (रॅमची एक पिढी), ६०००चा स्पीड, १६ जीबीचे दोन पीस म्हणजे पट्ट्या, सीएल३० (टायमिंगचा आकडा; तो जितका लहान तितका प्रतिसाद लवकर). इतकं पक्कं ठरवून पुण्याच्या तापकीर गल्लीत गेलात तरी काउंटरवर तीन-चार खोकी मांडली जातात आणि प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. आतल्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मात्र तीनच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कॉर्सेअर, जी.स्किल, किंग्स्टन ही मंडळी त्याच चिप घेऊन त्यांवर आपापला पत्रा, म्हणजे उष्णता पसरवणारं धातूचं आवरण, चढवतात. स्पीड आणि टायमिंग एकच असेल, तर गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करताना कुठली रॅम लावली आहे हे ओळखू येणार नाही. म्हणजे भावातला बराचसा फरक पत्र्याचा, दिव्यांचा आणि वेष्टनाचा असतो.

माझा कौल आधीच देऊन टाकतो. घरच्या पीसीसाठी बुटका, बिनदिव्यांचा पीस घ्या. खोक्यावरची नक्षी सोडून द्या, पण त्यावरचं लेबल अक्षरन् अक्षर वाचा.

उंची

दुकानात बहुतेक जण रंग विचारतात, उंची कुणीच विचारत नाही. पत्रा नसलेला उघडा पीस ३१.२५ मिलिमीटर उंच असतो. जी.स्किलचे रिपजॉज एस५ आणि फ्लेअर एक्स५ हे ३३ मिलिमीटरचे. किंग्स्टनचा साधा फ्युरी बीस्ट आणि कॉर्सेअरचा साधा व्हेंजन्स ३५च्या आसपास. दिवे आले की उंची वाढते: बीस्ट आरजीबी ४२ मिलिमीटर, जी.स्किलचा ट्रायडंट झेड५ आरजीबी साधारण ४४. कॉर्सेअरचा डॉमिनेटर टायटेनियम तर पंचावन्नच्याही पुढे जातो.

प्रोसेसरवर एअर कूलर, म्हणजे पंख्याचा कूलर, लावणार असाल तर हे आकडे महत्त्वाचे. नॉक्टुआचा एनएच-डी१५ दोन्ही पंख्यांसह लावला, तर पुढच्या पंख्याखाली रॅमला ३२ मिलिमीटरच जागा उरते. ३३चा पीस असेल तर पंखा किंचित वर सरकवून भागतं. ४४च्या पिसासाठी तो इतका वर घ्यावा लागतो की १६५ मिलिमीटरच्या त्या कूलरची उंची आणखी वाढते आणि बऱ्याच कॅबिनेटची काच बसत नाही. मग एक पंखा काढून ठेवायचा. लिक्विड कूलर असेल तर सहसा ही अडचण येत नाही. फक्त लहान कॅबिनेटमध्ये रेडिएटर वरच्या बाजूला बसवणार असाल तर एकदा मोजून घ्या.

पत्र्याचा उपयोग आहे, पण किती?

डीडीआर४मध्ये वीज नियंत्रित करण्याचं काम मदरबोर्ड करायचा. डीडीआर५मध्ये त्यासाठीची चिप, म्हणजे पीएमआयसी, रॅमच्याच पट्टीवर आली आणि पट्टीच्या मधोमध उष्णतेची एक नवी जागा तयार झाली. मानक व्होल्टेज १.१ असलं तरी एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला खोक्यावरच्या स्पीडवर नेणारी तयार सेटिंग्ज) चालू केल्यावर ६०००च्या पुढचे बरेच संच १.३५ ते १.४ व्होल्टवर चालतात. म्हणून डीडीआर५ला पत्रा असलेला बरा. अट एवढीच की त्याच्या आतल्या बाजूचा थर्मल पॅड चिपवर आणि पीएमआयसीवरही टेकलेला हवा. पत्र्याला वर किती कंगोरे आहेत, हा प्रश्न नंतरचा.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी पंख्याखालीसुद्धा ऊन जाणवतं, आणि कॅबिनेटमध्ये शिरणारी हवा त्याच खोलीतली असते. मानकानुसार चिप ८५ अंशांपर्यंत नेहमीसारखी चालते आणि त्यापुढे तिला दुप्पट वेगाने रिफ्रेश करावं लागतं, म्हणजे आतली माहिती टिकवायला ती पुन्हापुन्हा ताजी करावी लागते. ताणून चालवलेल्या संचात मात्र त्याआधीच चुका होऊ लागतात, आणि पीसी अधूनमधून कारण न सांगता रीस्टार्ट होतो. डीडीआर५च्या पट्टीवर तापमानाचा सेन्सर असतो, तेव्हा अंदाज बांधायची गरज नाही. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये आकडा थेट दिसतो. आकडा चढा दिसला तर महागडा पत्रा घेण्याआधी कॅबिनेटला पुढून एक पंखा लावून पाहा. पत्रा उष्णता पसरवतो, पण ती बाहेर न्यायला वारा लागतोच.

डॉमिनेटरसारख्या भारी पिसांत पट्टीच्या सर्किट बोर्डमधूनही उष्णता ओढून घेण्याची सोय असते. ७२००च्या पुढे जाऊन हाताने टायमिंग लावत बसणाऱ्यांना तिचा उपयोग आहे, आणि अशांना हा लेख वाचायची गरज नाही. बाकीच्यांच्या घरी त्या कंगोऱ्यांत शहरभर चाललेल्या खोदकामाची धूळ बसेल. चकचकीत काळ्या पट्ट्यांवर ती आणखी उठून दिसते; मॅट फिनिश त्या मानाने सोशिक असतं.

एक सावधगिरी. ‘पत्रा काढून आतली चिप कुणाची ते पाहू’ असा मोह होतो. पत्रा चिकटपट्टीने घट्ट बसवलेला असतो, आणि ओढताना चिपच उचकटून येऊ शकते. मग वॉरंटीही जाते. कॉर्सेअरच्या लेबलवर आवृत्तीचा आकडा असतो. त्याची सुरुवात ३ने असेल तर चिप मायक्रॉनच्या, ४ असेल तर सॅमसंगच्या, ५ असेल तर हायनिक्सच्या. पत्र्याला हात न लावता काम होतं.

दिवे

यावर फार बोलण्यासारखं नाही. आवडत असतील तर घ्या, पण प्रत्येक कंपनीचं दिव्यांचं सॉफ्टवेअर वेगळं असतं, तेव्हा मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरशी त्याचं जमतं का हे आधी पाहा. किंग्स्टनने दोन पट्ट्यांचे रंग जुळते ठेवायला इन्फ्रारेडची युक्ती केली आहे, ती चांगली चालते.

खरा धोका वेगळाच आहे. काचेतून दोन स्लॉट रिकामे दिसतात, म्हणून लोक चार पीस भरतात. एएमडीच्या रायझेन ९००० प्रोसेसरमध्ये दोन पट्ट्यांना अधिकृत स्पीड ५६०० आहे, चार पट्ट्यांना ३६००. शोभेसाठी इतका स्पीड घालवायचा? कंपन्यांनाही ही हौस माहीत आहे. गिगाबाइटने २०१८ साली ऑरसच्या संचात दोन खऱ्या पट्ट्यांबरोबर दोन नुसत्या दिव्यांच्या पट्ट्या दिल्या होत्या, आणि कॉर्सेअरही अशा पट्ट्या वेगळ्या विकतं. स्लॉट भरायचेच असतील तर अशा नुसत्या दिव्यांच्या पट्ट्यांनी भरा.

खोकं कसं वाचायचं

कॉर्सेअरचं काळं-पिवळं पुठ्ठ्याचं खोकं किंवा ट्रायडंटचं खिडकीचं खोकं हातात घेतलं की भारी वाटतं. फ्युरी बीस्ट पारदर्शक प्लास्टिकच्या ब्लिस्टरमध्ये येतो आणि त्यापुढे गरीब दिसतो. गिऱ्हाइकाच्या नजरेतून मला ब्लिस्टरच बरा वाटतो. आतली पट्टी दोन्ही बाजूंनी दिसते, सोन्याच्या मुलाम्याच्या पिनांवर ओरखडे असतील तर न उघडता कळतात, आणि एकदा फाडलेलं प्लास्टिक पुन्हा नव्यासारखं करणं अवघड असतं. पुठ्ठ्याचं खोकं वाफेवर उघडून परत चिकटवता येतं. ते घ्यायचं असेल तर सील आणि खोक्याच्या कडा उजेडात धरून पाहा, आणि खिडकीतून दिसणारा नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवा. पुढे रॅम विकताना मूळ खोकं असेल तर दोन पैसे जास्त येतात, ही पुठ्ठ्याची जमेची बाजू.

मॉडेल नंबरात सगळं लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, केएफ५६०सी३६बीबीईके२-३२. केएफ म्हणजे किंग्स्टन फ्युरी, ५ म्हणजे डीडीआर५, ६० म्हणजे ६०००चा स्पीड, सी३६ ही लेटन्सी (वरच्या सीएलचाच आकडा), बीबी म्हणजे काळा बीस्ट, ई म्हणजे एक्सपो. के२-३२ म्हणजे दोन पट्ट्यांचा संच, मिळून ३२ जीबी. ‘के२’ नसेल तर हातात एकच पट्टी आहे. दोन सुटे पीस जोडून ‘हा घ्या तुमचा संच’ असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. संचातल्या पट्ट्या कंपनीने एकत्र तपासलेल्या असतात.

आणखी एक खूण. एचपीने २०२१ साली हायपरएक्स हा ब्रँड विकत घेतला, रॅमचा धंदा मात्र किंग्स्टनने स्वतःकडेच ठेवला आणि त्याला ‘किंग्स्टन फ्युरी’ हे नाव दिलं. किंग्स्टनची डीडीआर५ त्यानंतरची आहे. तेव्हा डीडीआर५च्या पिसावर ‘हायपरएक्स फ्युरी’ छापलेलं दिसलं तर किंमत न विचारता पुढच्या दुकानात जा.

खोक्यावर आयातदाराचं स्टिकर शोधा. वजनमापाच्या २०११च्या नियमांनुसार आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापावा लागतो. हे स्टिकर नसलेला माल हजार रुपयांनी स्वस्त मिळेलही, पण बिघडला तर भारतातल्या सर्व्हिस सेंटरच्या दारात तुमची बाजू लंगडी पडते.

ट्रे पॅक किंवा लूज, म्हणजे खोक्याशिवाय मिळणारा, पीस सरसकट वाईट नसतो. अँटिस्टॅटिक पिशवीत असेल आणि दुकानदार स्वतःच्या नावाने लेखी वॉरंटी देत असेल, तर ऑफिसच्या पीसीसाठी चालून जातो. साध्या बबल रॅपमध्ये गुंडाळलेला मात्र घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणगी उडते, आणि तशा ठिणगीने बिघडलेली पट्टी वरून अगदी धडधाकट दिसते.

२०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण चिप एआयच्या सर्व्हरकडे वळल्या. त्याच डिसेंबरात मायक्रॉनने क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुकानात क्रूशल प्रोचा उरलेला स्टॉक दिसला तर घाबरू नका: पत्रा बुटका आहे, चिप मायक्रॉनच्या स्वतःच्या, आणि वॉरंटी पाळू असं कंपनीने सांगितलं आहे. फक्त सील आणि उत्पादनाचा महिना जास्त बारकाईने तपासा, कारण भाव चढले की परत आलेला माल नव्या वेष्टनात घालायचा मोहही वाढतो. जीएसटीच्या पक्क्या बिलावर दोन्ही पट्ट्यांचे सीरियल नंबर लिहून घ्या. ऑनलाइन मागवलंत आणि पार्सल सोसायटीच्या गेटवर ठेवलं गेलं, तर घरी आणून खोक्याच्या सहाही बाजू दिसतील असा उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि मगच सीलला हात लावा.