कोल्हापूर स्टँडवरचं हाफ तिकीट: चांगलं आहे, पण कुठवर?

एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना 50 टक्के सवलत आहे, साध्या लालपरीपासून शिवशाहीपर्यंत. कागदावर ‘महिला सन्मान योजना’. स्टँडवर मात्र ‘एक फुल, एक हाफ’ एवढंच ऐकू येतं.

योजनेची खरी ताकद म्हणजे ती कागद मागत नाही. फॉर्म नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, नवऱ्याची सही नाही. ठिकाण सांगायचं, वाहक मशीनमधून सवलतीचं तिकीट काढतो. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, औषधं घ्यायला किंवा लक्ष्मीपुरीत माल भरायला येणाऱ्या बाईला पैसे वाचतात ते तिथल्या तिथे, तिच्याच हातात. खात्यावर कधी जमा होतील याची वाट बघत बसावं लागत नाही.

‘हाफ’ मात्र नेमकं निम्मं नसतं. सवलत मूळ भाड्यावरच मिळते. अपघात निधी आणि एसी गाडीचा जीएसटी पुरा लागतो. समजा भाडं 10, निधी 1 आणि जीएसटी 2 रुपये. पुरुषाला 13, बाईला 8. साडेसहा नव्हे! वाहकाशी वाद घालण्याआधी एवढं ध्यानात ठेवा. आगाऊ आरक्षणाचा आकारही वेगळा पडतो. ऑनलाइन तिकीट काढताना सवलतीचा प्रकार निवडायला विसरलात तर फुल भाडं कापलं जातं.

रोज सिनियर कॉलेजला येणाऱ्या पोरींनी हाफच्या नादी लागू नये. विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत आहे, तो पासच काढावा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजींना प्रवास फुकट आहे, वयाचा पुरावा तेवढा जवळ हवा.

निपाणी-बेळगावला जाताना सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. कागलच्या पुढे हद्द ओलांडली की उरलेल्या टप्प्याचं भाडं पुरं. त्याच फलाटावरच्या कर्नाटकच्या गाडीत आपलं हाफ चालत नाही, आणि तिकडची मोफत प्रवासाची ‘शक्ती’ योजना तिकडच्या रहिवासी बायकांसाठी, तीही त्यांच्याच हद्दीत.

कमी पडतं ते शहरात. ही सवलत एसटीची, केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या शहर बसची, नव्हे. कागलच्या रस्त्यावर दोन्ही गाड्या धावतात, त्यामुळे कामावर जाणाऱ्या बाईचं भाडं आधी कुठली गाडी येते त्यावर ठरतं. स्टँडवरून पुढे रिक्षा करावी लागली तर वाचलेले पैसे तिथंच जातात.

पाचपैकी चार. पाचवा गुण संध्याकाळच्या शेवटच्या मुक्कामी गाडीसाठी राखून ठेवलाय. ती चुकली तर हाफ काय नि फुल काय!