अभ्यासिकेतला रसायनशास्त्राचा शंका-कट्टा: गणितांना उत्तम, सेंद्रियला जपून

बारावी बोर्डाच्या ७० गुणांच्या पेपरसाठी मुलंच मुलांच्या शंका सोडवतात, अशी ही संध्याकाळची फुकट सोय. गणितांपुरतं म्हणाल तर क्लासच्या तोडीची. चूक नेमकी कुठे झाली ते हुडकण्यात इथली मुलं तरबेज आहेत. नमुना बघा: ५.८५ ग्रॅम मीठ ५०० ग्रॅम पाण्यात विरघळवलं, गोठणबिंदू किती उतरेल? मीठ ०.१ मोल, म्हणजे मोलॅलिटी (दर किलो पाण्यामागे मोल) ०.२; पाण्याच्या गोठणबिंदू-स्थिरांकाने, १.८६ ने, गुणून ०.३७२ आलं की पुष्कळजण पेन खाली ठेवतात. पण मिठाचे दोन आयन सुटतात, व्हॅन्ट हॉफ घटक (एकाचे किती कण होतात तो आकडा) २, म्हणून उत्तर ०.७४४ केल्विन.

नर्न्स्ट समीकरणाचंही (आयनांच्या संहतीवरून घटाचं व्होल्टेज काढायचं सूत्र) तसंच. झिंक-कॉपर घटात झिंक आयन ०.१ मोलर, कॉपर आयन ०.०१; झिंक भागिले कॉपर हे गुणोत्तर उलटं मांडलं की १.०७ ऐवजी १.१३ व्होल्ट येतं. इथे आधी पूर्ण अभिक्रिया लिहायला लावतात, मगच लॉग. हे फार बरं.

सेंद्रियमध्ये मात्र कट्टा लंगडा. अल्डॉल अभिक्रियेला लागणारा अल्फा हायड्रोजन (अल्डिहाइड गटाशेजारच्या कार्बनवरचा) बेन्झाल्डिहाइडला नाही, म्हणून संहत अल्कलीत कॅनिझारो अभिक्रिया होते. तरी ‘अल्डिहाइड आहे ना, मग अल्डॉल’ असं ठोकून देणारे भेटतात आणि कुणी टोकत नाही. अशा वेळी सरळ पाठ्यपुस्तकातलं पान मागा.

जाताना लॉग टेबल न्या. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि इथे सगळी आकडेमोड मोबाइलवर चालते.