लॅमिंग्टन रोडवर जुन्या गिटार अँपचे स्पीकर दुरुस्त करून घेतले, माझा अनुभव

बाबांचा फेंडर ट्विन रिव्हर्ब अँप परवा लॅमिंग्टन रोडवरच्या ह्या दुरुस्तीच्या दुकानातून घरी आणला, काल रात्री दोन तास वाजवून बघितला, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. बाबा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, तेव्हा सेकंडहँड घेतलेला हा अँप, आत ऑक्सफर्डचे दोन बारा इंची स्पीकर. मागे शिक्का आहे ४६५-९३१. ४६५ हा ऑक्सफर्ड कंपनीचा नंबर, ९ म्हणजे १९६९ साल आणि ३१ म्हणजे त्या वर्षाचा ३१ वा आठवडा. गिरगावच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेला असायचा, दर पावसाळ्याची ओल खात, आणि स्पीकरचा कोन, म्हणजे पुढे हलणारा पडदा, शेवटी कागदाचाच, तो ओल पिणारच.

तक्रार दोन होत्या. जाड तार जोरात छेडली की फर्रर्र, आणि मधूनच एका बाजूचा आवाज गायब, अँपला हात मारला की परत चालू. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे एकाला दाखवला होता, त्याने न विचारता उजव्या स्पीकरच्या कडेला, जिथे कागदाच्या चुण्या असतात तिथे, रबर सोल्युशन थापलं आणि बसवताना स्क्रू एवढे आवळले की बास्केटच, म्हणजे स्पीकरची धातूची चौकटच, वाकली. फर्रर्र तर गेलंच नाही, वर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा झाला. बाबांनी त्यानंतर अँप लावणंच सोडलं होतं, ते बघून फार वाईट वाटायचं.

इथल्या काकांनी आल्या आल्या पाना हातात घेतला नाही हे मला सगळ्यात आवडलं. आधी अँप बंद करून त्यांनी आमच्या स्पीकरची पिन काढली आणि दुकानातला चार ओहमचा स्वतःचा स्पीकरचा डबा जोडून वाजवलं, आवाज स्वच्छ आला, म्हणजे व्हॉल्व्ह, सर्किट सगळं ठीक आणि दोष स्पीकरमध्येच. (आमचे दोन्ही स्पीकर आठ ओहमचे, समांतर जोडलेले, म्हणून चार. आणि व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.)

मग दोन्ही स्पीकर बाहेर काढले. एकेक मांडीवर घेऊन दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवली, अगदी हलकेच आत दाबलं आणि कान जवळ नेला. मलाही ऐकवलं. डावा गुपचूप, उजव्यात बारीक खर्र खर्र, फरशीवर वाळू घासावी तसं. ती कॉइल, म्हणजे कोनच्या मागे असलेली तारेची गुंडाळी, चुंबकाच्या गॅपमध्ये घासत होती. मीटरवर डावा ६.४ ओहम आला, आठ ओहमच्या स्पीकरला साधारण एवढंच येतं, उजवा ५ च्या खाली, म्हणजे कॉइलचे काही वेढे आतल्या आत शॉर्ट झालेले.

मी म्हटलं काका दोन्हीचे कोन बदलून टाका, पैशाचं बघू. तर म्हणाले, "अहो, डाव्याचा कागद अजून कडक आहे, कॉइल सरळ आहे, कशाला फाडायचा? ह्याची फक्त वायर तुटलीये." कोनपासून टर्मिनलपर्यंत जाणारी ती विणलेली लवचीक वायर वर्षानुवर्षं हलून आतून तुटली होती, बाहेरून एकदम धडधाकट दिसायची. ती नवीन टाकली, सुटत आलेली डस्ट कॅप, म्हणजे कोनच्या मधोमध असते ती टोपी, चिकटवली, ३५० रुपये, बस. दोन्हीचे पैसे घेता आले असते त्यांना.

उजव्याचं काम मोठं होतं, त्या दिवशी मी मुद्दाम थांबून बघितलं. जुना कोन आणि स्पायडर (कॉइलला मधोमध धरून ठेवणारी चुण्यांची चकती) काढून गॅपमधला गंज आणि कचरा चिकटपट्टी घालून घालून ओढून काढला, पट्टी कोरी निघेपर्यंत. मग नवीन कॉइल मधोमध बसावी म्हणून जुन्या एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या कापून कॉइलच्या आत चारी बाजूंनी खोचल्या, स्पायडर आणि कोन चिकटवून रात्रभर सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी पट्ट्या उपसल्या आणि परत बोटांनी दाबून कान लावला, मगच डस्ट कॅप. शेवटी दीड व्होल्टचा सेल दोन्ही स्पीकरना लावून दाखवला, दोन्ही कोन एकाच दिशेला बाहेर आले पाहिजेत, नाहीतर एक ढकलतो आणि दुसरा ओढतो आणि खालचा आवाज मरतो. ह्याचे १८०० झाले.

आता खटकलेल्या गोष्टी. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि जिना एवढा अरुंद आहे की तीस किलोचा अँप वर न्यायला दोन माणसं लागतात. नवीन कोनचा आवाज सध्या जरा टोकदार आहे, डाव्याशी पूर्ण जुळत नाही. कागद अजून कडक आहे, काही आठवडे बेताच्या आवाजात वाजवा, मऊ पडेल असं काका म्हणाले, आणि कालच्या दोन तासांतसुद्धा शेवटी शेवटी थोडा फरक जाणवला. फर्रर्र मात्र पूर्ण गेलं. बाबा शेजारच्या खोलीतून उठून आले, काही बोलले नाहीत, माझ्या हातातून गिटार घेतली.

जाणार असाल तर दुपारी जा, रविवारी बंद असतं. शक्य असेल तर सुटा स्पीकर नेऊ नका, पूर्ण अँप न्या, कारण फर्रर्र कधी कधी सैल झालेल्या मागच्या फळीचं पण असतं आणि ते काका बरोबर पकडतात.