विद्यार्थी-माहितीच्या फाइलींसाठी एक्सएमएललिंट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमधल्या फर्दर एज्युकेशन (शाळेनंतरच्या, विद्यापीठाबाहेरच्या शिक्षणाच्या) कॉलेजांना विद्यार्थ्यांची माहिती आयएलआर नावाच्या एक्सएमएल फाइलने सरकारला द्यावी लागते. १ ऑगस्टला वर्ष सुरू होतं, आर०१ ते आर१४ अशी चौदा रिटर्न, म्हणजे ठरलेल्या वेळची विवरणं, भरायची. पोर्टलवर चढवण्याआधी फाइल आपल्याच मशीनवर तपासायला एक्सएमएललिंट हे कमांड-लाइनवरचं साधन पुरेसं आहे. लिबएक्सएमएल२ या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीसोबत फुकट येतं, मोठी फाइलही पटकन वाचतं.

कमांडला ‘नोआउट’ आणि ‘स्कीमा’ हे दोन पर्याय द्यायचे, मग त्या वर्षाची एक्सएसडी (फाइलची रचना कशी हवी ते सांगणारी नियमांची फाइल) आणि शेवटी आपली फाइल. ‘नोआउट’ विसरलात तर अख्खी फाइल स्क्रीनवर ओतली जाते आणि मागून जाणाऱ्यालाही पोरांच्या जन्मतारखा दिसतात. स्क्रिप्टमध्ये लावताना मेसेज वाचत बसू नका, एक्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा) बघा: ० म्हणजे पास.

सगळ्यात जास्त छळतो तो टॅगांचा क्रम. जन्मतारीख, मग एथ्निसिटी, मग सेक्स असा क्रम एक्सएसडीत बांधलेला आहे. एक्सेलमधला कॉलम इकडचा तिकडे झाला की ‘हा एलिमेंट (म्हणजे टॅग) इथे अपेक्षित नाही’ असा मेसेज येतो आणि कंसात काय अपेक्षित होतं तेही सांगतो. तो कंस नीट वाचा, निम्मं काम तिथेच होतं. मात्र त्याच विद्यार्थ्याच्या पुढच्या चुका बरेचदा पहिली दुरुस्त केल्यावरच बाहेर येतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या धरून चाला.

रिकामा टॅग हा दुसरा त्रास. आकडा किंवा तारीख नसेल तर टॅगच काढायचा. रिकामा ठेवला तर फाइल नापास. नवीन वर्षात जुनी एक्सएसडी लावली तर मुळाशीच अडतं, कारण नेमस्पेसमध्ये, म्हणजे टॅग कुठल्या संचातले ते सांगणाऱ्या नावात, वर्ष असतं: २०२३-२४ ची वेगळी, २०२४-२५ ची वेगळी. पाचशे चुका शोधण्याआधी हे बघा.

‘ओ’ब्रायन’सारख्या आडनावातलं वळणदार चिन्ह विंडोज-१२५२ या जुन्या अक्षर-संकेतात ०एक्स९२ या एकाच बाइटचं असतं. फाइलीच्या वर यूटीएफ-८ हा आजचा संकेत लिहिलाय आणि आत हा बाइट आहे, मग लिंट तिथेच थांबतं. आयकॉन्व्ह या संकेत बदलणाऱ्या कमांडने बदलून घ्या, पण एकदाच. आधीच यूटीएफ-८ असलेल्या फाइलवर परत चालवलं तर ‘झोई’मधला दोन टिंबांचा ई (ë) दोन विचित्र अक्षरांचा होतो.

फाइलीत हवा तो टॅग शोधून देणारा एक्सपाथचा पर्याय वैताग आणतो. त्याला नेमस्पेस सांगायची सोय नाही, त्यामुळे साधा शोध काहीच देत नाही आणि प्रत्येक नावाला ‘लोकल-नेम’ जोडावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाची मर्यादा यूएलएनमध्ये दिसते. हा दहा आकडी विद्यार्थी क्रमांक. पहिल्या नऊ आकड्यांना १० ते २ ने गुणून बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि बाकी १० मधून वजा केली की दहावा आकडा मिळतो. १०००००००४३ घ्या: १० अधिक ८ म्हणजे १८, बाकी ७, म्हणून शेवटी ३. टाइप करताना ४३ चं ३४ झालं तर क्रमांक चुकीचा, पण एक्सएसडी फक्त दहा आकडी मर्यादा बघते, त्यामुळे लिंट खुशाल पास करतं. दोन रकान्यांचा परस्परसंबंधही त्याला कळत नाही, कारण ते एक्सएसडी १.० वरच चालतं. लिंटनंतर एवढ्या हिशेबाची दहा-बारा ओळींची पायथन स्क्रिप्ट लावायची. तात्पुरत्या ९९९९९९९९९९ ला तीत सूट द्यायला विसरू नका.