बोलणारा पेन वर्षभर वापरल्यानंतर (आणि शिसपेन्सिलीबद्दल बरंच काही)

मे महिन्याच्या शेवटी पेनची चार्जिंग पिन गेली आणि कस्टमर केअरवाल्यांशी माझं चांगलंच वाजलं, म्हणून हे लिहायला बसले. नाहीतर आळसात राहूनच गेलं असतं. पुस्तकाच्या पानावर टेकवला की इंग्रजी शब्द-वाक्यं बोलून दाखवतो, तो हा पेन. पुस्तकं किती, आवाज कमी-जास्त कसा करायचा, हे सगळं जाहिरातीत आहे, ते इथे उगाळत नाही. कंपनीचं नावही घेत नाही. बाजारात असे पेन भरपूर आहेत, ज्याने जो घेतला असेल त्याने आपापला पडताळून बघावा.

मी नागपुरात मानेवाड्यात घरीच शिकवणी घेते, दुसरी ते पाचवी. बहुतेक पोट्टे मराठी शाळेतले, सेमीचे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, म्हणजे यांच्यातल्या काहींच्या आया स्वतः पहिलीपासून इंग्रजी शिकल्यात. तरी घरात इंग्रजी कानावर पडतं ते टीव्हीवरच्या जाहिरातींपुरतं. पोरांना धडा वाचता येतो, प्रश्नोत्तरं पाठ असतात. पण ‘व्हॉट डिड यू ईट टुडे?’ विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. ही अडचण सुटेल म्हणून पेन घेतला, पाच हजारांच्या वर मोजून. एवढ्यात माझ्या शिकवणीला दोन पंखे आले असते, हे ह्यांनी तेव्हाच ऐकवलं होतं.

आधी पिनेचं उरकून टाकते. वॉरंटी वर्षाची, वर्ष भरलं नव्हतं. फोनवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, चार्जिंग पोर्ट फिजिकल डॅमेजमध्ये येतो, तो कव्हर होत नाही.” म्हटलं, बाबा, पेन चार्ज करायचा तर वायर त्यातच खुपसावी लागते ना? मग ते डॅमेज काहून? तर म्हणे पेन दिल्लीला पाठवा, कुरिअर तुमचं, बघून सांगू. नागपुरात सर्व्हिस सेंटर नाही. दोन्ही बाजूंचं कुरिअर आणि वर दुरुस्ती धरली तर अर्धा पेन नवा येतो. शेवटी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने भिंगातून पाहिलं, “ताई, पिन गेली हो हिची, मोबाईलचीच आहे, बदलून देतो,” म्हणाला. चहा होईपर्यंत पेन बोलायला लागला. दीडशे रुपये. दिल्लीवाल्यांना हे कळवलं तर उत्तर आलं की बाहेर उघडल्यामुळे आता वॉरंटी संपली. संपू द्या.

आता खरा मुद्दा, शिसपेन्सिल.

सोबत आलेल्या व्याकरणाच्या वर्कबुकात गाळलेल्या जागा आहेत, ‘ए की ॲन’, ‘इज की आर’, अशा. दुसरी-तिसरीची मुलं कशाने लिहिणार? पेन्सिलीने. आणि पेन्सिलीने लिहिलं की त्या जागी पेन मुका होतो. आधी एक वाक्य बोलेना, मग अर्धं पान. दिवाळीपर्यंत निम्म्या वर्कबुकाची ही गत झाली. फोन केला तर सांगितलं, सेन्सर खराब दिसतोय, पेन पाठवा. पण तोच पेन पुढच्या कोऱ्या पानावर नीट बोलत होता! एका मुलाने चूक खोडरबराने खोडली आणि नेमकी तेवढीच जागा पुन्हा बोलायला लागली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

कारण ऐकण्यासारखं आहे. या पुस्तकांच्या पानावर साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके छापलेले असतात. नीट बघितलं तर पान किंचित मळकट वाटतं, ते त्यामुळेच. प्रत्येक चित्राची, प्रत्येक वाक्याची ठिपक्यांची मांडणी वेगळी. पेनच्या टोकात छोटा कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवा असतो. ठिपके कार्बनच्या काळ्या शाईत असतात, ती शाई इन्फ्रारेड शोषते, म्हणून कॅमेऱ्याला ते काळे दिसतात. बाकीची चित्रं निळ्या, गुलाबी, पिवळ्या शाईची. अक्षरं आपल्याला काळी दिसली तरी तीही या तीन शाया मिसळूनच छापतात. या शाया इन्फ्रारेडला जवळजवळ आरपार, त्यामुळे पेनला पांढऱ्या कागदावरचे नुसते ठिपके दिसतात. आता शिसपेन्सिलीत असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच. पोराने जोर देऊन उत्तर लिहिलं की ठिपके त्याखाली बुडाले. निळ्या बॉलपेनने लिहिलं तर बहुतेक वेळा काही होत नाही, पण तिसरीच्या मुलाच्या हातात बॉलपेन दिला तर शाळेतल्या बाई मला विचारतील.

ज्या कंपनीने हे ठिपके छापले तिलाच हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. मग लहान मुलांच्या वर्कबुकात लिहायला रेघा कशाला ठेवल्या? आणि पुड्यात भेट म्हणून पेन्सिल दिली आहे. पेन्सिल! पहिल्या पानावर ‘उत्तरं वहीत लिहा’ एवढी एक ओळ टाकली असती तर माझं पुस्तक वाया गेलं नसतं. झेरॉक्सचाही उपयोग नाही, ते मी आधीच करून बघितलं होतं. एका पुस्तकावर सगळा वर्ग भागवायचा तर तेच सुचणार. पण झेरॉक्स मशीनला ते ठिपके नीट उचलता येत नाहीत, आणि जे उमटतं ते सगळंच टोनरचं, म्हणजे कार्बनवाल्या भुकटीचं, काळं. पेन त्यावर चिडीचूप.

उपाय सांगते. लाल किंवा हिरव्या रंगपेन्सिलीने लिहा, माझ्याकडे तरी त्यावर पेन बोलतो. जिथे आधीच लिहून झालंय तिथे चांगलं मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा. घासू नका, नाहीतर ठिपकेही निघतील. काळी रंगपेन्सिल मात्र डब्यातून काढूनच ठेवा.

व्याकरणात हा पेन कच्चा आहे, हे माझं मत पहिल्या महिन्यात झालं आणि अजून तेच आहे. चूक-बरोबर सांगतो, का ते सांगत नाही. ‘ए-ॲन’चंच घ्या. वर्कबुकात नियम दिलाय की ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांआधी ॲन. उदाहरणं ॲपल, एग, ऑरेंज अशी सोयीची. पोट्ट्यांनी तेच पाठ केलं आणि शाळेच्या पेपरात ‘ॲन युनिफॉर्म’, ‘ए अवर’ लिहून आले. नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. आपल्या मुलांना तो समजवायला अगदी सोपी युक्ती आहे, शब्द मराठीत लिहून बघायचा. ‘युनिफॉर्म’ य-पासून सुरू होतो, व्यंजन, म्हणून ए. ‘अवर’ अ-पासून, स्वर, म्हणून ॲन. ‘वन-रुपी कॉइन’ व-पासून, म्हणून ए. अधिवेशनाच्या दिवसांत आमदार निवासावरून जाणाऱ्या एकाने स्वतःच विचारलं, मग एम.एल.ए.ला काय? फळ्यावर ‘एमएलए’ लिहिलं, सगळे ओरडले, ॲन! पाच हजारांचा पेन हे शिकवू शकला नाही, पाच रुपयांच्या खडूने शिकवलं.

चालू वर्तमानकाळाचंही तसंच. पेनमधली मराठी पुस्तकी, ‘तो जेवत आहे’ म्हणते. आमची पोरं म्हणतात ‘तो जेवून राहिला’. मी सांगितलं, जिथे तुमच्या तोंडात ‘राहिला’ येतं तिथे इज आणि आयएनजी लावा. ‘जेवतो’ येतं तिथे साधं ईट्स. आणि ‘मला माहीत होऊन राहिलं’ असं कुणी म्हणत नाही, म्हणून ‘आय ॲम नोइंग’ही नाही. घरच्या बोलीला हसणाऱ्या बाई शाळेत भेटतात, पण इथे ती बोलीच कामी आली. ‘बॉइज प्लेज’ मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. ‘एस एकदाच, मुलांना लागला तर खेळण्याला नाही’ हे रोज म्हणावं लागतं. पेन नुसता टुंई करतो.

शब्दांच्या बाबतीत एक तक्रार आणि एक कौतुक. तक्रार ही की पुस्तकात याक, इग्लू, झायलोफोन आहेत, जे नागपुरात कुणाच्या बापाने पाहिले नाहीत. मुलं अडतात ती ‘वॉज’, ‘सेड’, ‘देअर’, ‘दोज’ अशा शब्दांवर. एडवर्ड डॉल्च नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९३६ मध्ये २२० शब्दांची यादी दिली होती, लहान मुलांच्या वाचनात सतत येणाऱ्या शब्दांची. तीत नामं नाहीत, ती वेगळ्या यादीत. हे शब्द चित्र काढून दाखवता येत नाहीत, त्यातले बरेच स्पेलिंगप्रमाणे उच्चारलेही जात नाहीत, नजरेनेच ओळखीचे व्हावे लागतात. गोष्टींच्या पुस्तकात ते आपोआप येतात आणि पेन तो उच्चार कंटाळा न करता दहादा ऐकवतो. ‘साइड’ वाचणारी मुलं ‘सेड’ वाचायला लागली ती यामुळेच. हे माझ्या घशाने झालं नसतं.

पण उच्चार अमेरिकन. ‘वॉडर’ म्हणतो, ‘झेड’ला ‘झी’ म्हणतो, ‘कलर’च्या स्पेलिंगमधला यू खातो. बालभारतीच्या पुस्तकात यू आहे. एका आजोबांनी येऊन विचारलं, “मॅडम, झी म्हणजे चॅनल ना?” मी पोरांना सांगून ठेवलंय, पेनचा झी, पेपरात झेड.

पिनेचं सोडलं तर हे एवढं मी मार्चमध्येच टिपून ठेवलं होतं आणि शेवटी ‘घेऊ नका’ असं होतं. मग उन्हाळ्यात रेकॉर्डिंगच्या बटणाने मत बदलायला लावलं, म्हणून पुढचं.

या बटणाकडे मी लक्षच दिलं नव्हतं. पेन वाक्य बोलतो, मग आपण बोलायचं, मग तो दोन्ही लागोपाठ ऐकवतो. गुण देत नाही, चूक काढत नाही, नुसतं ऐकवतो. दुकानदार सांगतात की पेन उच्चार तपासतो. माझा तरी तपासत नाही. पण तिसरीतली एक मुलगी, जी माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती, ती कोपऱ्यात बसून पेनशी बोलायला लागली. ‘इस्कूल’ म्हणणाऱ्या एकाने स्वतःचा आवाज ऐकला, स्वतःच हसला आणि पुन्हा म्हणून बघितलं. मी तेच सांगितलं असतं तर रुसला असता. पुढे पुढे त्यांनी पुस्तकातली वाक्यं सोडून स्वतःची सुरू केली. पुस्तकात ‘माय फेव्हरेट फेस्टिव्हल’मध्ये ख्रिसमस होता. यांनी तान्हा पोळा घेतला, लाकडी बैल, घरोघरी मिळणारे पैसे, आणि मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणत मिरवत नेतात ते पुतळे, बघायला गेलो तेव्हाची गर्दी. ‘पीपल शाउट, टेक अवे ऑल डिसीजेस!’ हे वाक्य कुठल्या गाइडात मिळणार नाही. ‘मायसेल्फ अमुक’ने होणारी सुरुवातही कमी झाली. पेन ‘माय नेम इज’ म्हणतो आणि त्याची नक्कल करायला त्यांना आवडतं.

यातही नागपूरचा उन्हाळा आडवा आलाच. पारा ४४-४५ वर, खोलीत कूलर, आणि पेनचा स्पीकर एवढासा. कूलर चालू असला की पेन ऐकू येत नाही, आणि रेकॉर्ड केलं तर पोराच्या आवाजापेक्षा कूलरचा घोंगाटच जास्त. कूलर बंद करून पंधरा मिनिटं ‘स्पीकिंग’, मग चालू करून लिखाण, असा वर्ग चालवला. पंधरा मिनिटांचं कुणालाच जड जात नसे, उलट लवकर बोलून मोकळे व्हायचे. इयरफोनचं भोक आहे, पण एका इयरफोनवर सात पोरं म्हणजे भांडण.

तर घ्यावा का? घरी एकच मूल असेल, आई-बाबांना इंग्रजी बोलायला संकोच वाटत असेल, तर घ्या, पण फक्त गोष्टींचा संच. व्याकरणाचा संच घेऊ नका, तेवढ्यात बालभारतीचं पुस्तक आणि खडू भरपूर होतो, आणि बालभारतीची पुस्तकं नेटवरून फुकट उतरवता येतात. शिकवणीवाल्यांनी एका पेनवर सहापेक्षा जास्त मुलं बसवू नयेत. वायर काढताना सरळ ओढा, तिरपी नाही. नवा घेणार असाल तर पिन मोबाईलसारखी साधी आहे का ते दुकानातच बघा, म्हणजे दिल्ली टळेल.

मी दुसरा पेन घेणार नाही. गोष्टींचा भाग तीन मात्र हवाय, नवा महाग पडतो. नागपुरात कुणाकडे पडून असेल तर सांगा, अर्ध्या किमतीत घेईन. पानं आधी उजेडात तपासून मगच, आणि शिसपेन्सिलीची एक रेघ जरी दिसली तरी पन्नास रुपये कमी.