उन्हाळ्यात बाससाठी जर्कबेट: हार्ड घ्यावं की सॉफ्ट?

जर्कबेट, म्हणजे झटके देत ओढायचं माशाच्या आकाराचं आमिष, हे थंड पाण्याचं, असा समज पक्का बसलेला आहे. दोन झटके, मग लांबलचक थांबा, आणि सुस्तावलेला बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) हळूहळू जवळ येईपर्यंत वाट बघायची. त्यामुळे पाणी तापायला लागलं की बरेच जण जर्कबेट डब्यात ठेवून देतात. मला हे अजिबात पटत नाही. उन्हाळ्यातला बास पाठलाग करतो आणि जर्कबेट पाठलाग करायला लावणारं आमिष आहे. खरा प्रश्न आहे तो कुठलं जर्कबेट दोरीला बांधायचं याचा.

निवडीआधी मासा समजून घेऊ. बासच्या शरीराचं तापमान पाण्याबरोबर बदलतं. २६-२८ अंशांच्या पाण्यात त्याचं पचन जोरात असतं आणि त्याला वारंवार खावं लागतं. पण पाणी गरम झालं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. १० अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. खोल तलावात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात आणि तळाच्या गार थरात प्राणवायू बऱ्याचदा पुरेसा नसतो. म्हणून भूक असलेला बास भल्या पहाटे, संध्याकाळी, वारा लागणाऱ्या काठाला किंवा पाणवनस्पतींच्या सावलीत सापडतो. जर्कबेट वरच्या दोन-तीन मीटरांतच चालतं आणि या जागाही बहुतेक तेवढ्याच खोलीच्या.

हार्ड जर्कबेट म्हणजे लांबट, सडपातळ, पुढे छोटी लिप (आमिषाला पाण्यात खाली नेणारी पट्टी) आणि खाली दोन-तीन तीनटोकी गळ असलेला प्लास्टिकचा मासा. मेगाबासचं व्हिजन ११०, लकी क्राफ्टचं पॉइंटर, रापालाचं एक्स-रॅप ही या प्रकारातली ओळखीची नावं. याचं बळ नितळ पाण्यात दिसतं. स्मॉलमाऊथ ही बासची एक जात तर स्वच्छ पाण्यात पाच-सहा मीटर खालून वर येऊन हे आमिष धरतो. वाऱ्याने पृष्ठभागावर लाटा उठल्या असतील तर आणखी चांगलं, कारण त्याला आमिष नीट निरखता येत नाही.

सगळी करामत सैल दोरीत आहे. दोरी ताणून ओढत राहिलात तर आमिष नुसतं सरळ पुढे येतं. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून छोटा झटका द्या आणि त्याच क्षणी टोक आमिषाच्या दिशेने परत न्या. दोरी सैल पडते आणि आमिष कूस बदलून बाजूला वळतं. पुढच्या झटक्याला दुसऱ्या बाजूला. त्या वळण्यात त्याच्या अंगावरून जी चमक निघते, ती बासला खेचते. हिवाळ्यात दहा सेकंद थांबणारे लोक उन्हाळ्यातही तेवढंच थांबतात, तिथे त्यांचं गणित चुकतं. आता एक सेकंद पुरे, कधी तेवढाही नको. मासा मागे येऊन परत फिरत असेल तर थांबा वाढवू नका, वेग वाढवा.

एक बारकावा लक्षात असू द्या. ‘सस्पेंडिंग’ (थांबल्यावर न बुडणारं, न वर येणारं) म्हणून विकलेलं आमिष थंड पाण्यात जागच्या जागी तरंगत राहिलं तरी गरम पाण्यात हळूहळू बुडू शकतं, कारण गरम पाण्याची घनता कमी असते. १० आणि २८ अंशांमधला फरक १४ ग्रॅमच्या आमिषाला जेमतेम ०.०५ ग्रॅमचा पडतो, पण तोल इतका नाजूक असतो की तेवढाही पुरतो. थांबे छोटे असतील तर काही बिघडत नाही. वनस्पतींच्या शेंड्यांवरून चालवायचं असेल तर मात्र थांबताच वर उठणारं फ्लोटिंग मॉडेल घ्या. लांब लिपचं डीप मॉडेल अडीच-तीन मीटरपर्यंत जातं, मधल्या पाण्यात तरंगणारे मासे असतील तेव्हाच त्याचा उपयोग.

आता सॉफ्ट जर्कबेट. मऊ प्लास्टिकचा, दुभंगलेल्या शेपटीचा मासा, झूमच्या सुपर फ्लूकसारखा, साधारण १३ सेंटिमीटर लांब. ४/० किंवा ५/० मापाचा रुंद ऑफसेट (डोळ्याजवळ वाकवलेला) गळ त्यात असा बसवतात की टोक अंगात लपतं. यामुळे तो जिथे हार्ड जर्कबेट पहिल्याच झटक्यात हिरव्या गुंत्याचा गोळा घेऊन परत येतं, तिथून सहज निसटून येतो. पाणवनस्पतींमधली मोकळी भोकं, पाण्यात पडलेली झाडं, लाकडी धक्क्याखालची सावली या लार्जमाऊथ या बासच्या दुसऱ्या जातीच्या उन्हाळी जागा. झटका दिला की सॉफ्ट बेट बाजूला सटकतं, थांबलं की मरणाऱ्या माशासारखं गिरक्या घेत खाली जातं. बरेच चावे त्या खाली जाण्यातच येतात.

ते गळावर बसवताना घाई करू नका. अंग किंचित जरी वाकडं बसलं तरी ओढताना गरगर फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. आमिषाच्या वर ३०-४० सेंटिमीटरवर छोटा स्विव्हल (फिरणारा जोड) बांधला की हा त्रास बराच कमी होतो. वजन कमी असल्यामुळे समोरून वारा असेल तर लांब फेक जात नाही, आणि दोन-तीन माशांनंतर नाक फाटतं. खोली गाठायची तर याच्यात फार संयम लागतो.

चावा आल्यावर मासा गळाला अडकवायची पद्धतही वेगळी. हार्ड बेटवर मासा स्वतःच अडकतो, म्हणून मध्यम ताकदीचा, टोकाला लवणारा रॉड आणि १०-१२ पौंड ताण सोसणारी फ्लोरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारी) दोरी हवी. हिसका दिलात तर लहान गळ सुटतात. सॉफ्ट बेटला उलट: दोरी बाजूला सरकताना दिसली की सैलपणा रीलमध्ये घ्या आणि जोरात झटका मारा, कारण टोक आधी प्लास्टिकमधून बाहेर यायचं असतं. इथे जरा कडक रॉड आणि जाड दोरी बरी. एकच रॉड असेल तर तुमचा निर्णय बराचसा तिथेच झाला.

नितळ, मोकळं पाणी आणि स्मॉलमाऊथ असेल तर मी क्षणभरही विचार न करता हार्ड बांधेन. वनस्पती असलेलं पाणी आणि लार्जमाऊथ असेल तर सॉफ्ट. नवख्याला पहिल्या उन्हाळ्यासाठी मी सॉफ्टच सुचवेन, कारण त्याला माशांच्या लपायच्या जागेत बिनधास्त टाकता येतं आणि टाकायला शिकणं हाच पहिला धडा असतो.

मासा परत सोडणार असाल तर आणखी एक फरक मोलाचा आहे. दोन-तीन तीनटोकी गळ सोडवायला वेळ लागतो आणि तापलेल्या पाण्यातून ओढलेला बास आधीच दमलेला असतो. हार्ड बेटच्या गळांच्या टोकांजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, पक्कड हाताशी ठेवा, हात ओले करून मासा धरा. सॉफ्ट बेटचा धोका वेगळा: सैल दोरीवर उशीर केलात तर बास ते घशापर्यंत गिळतो. गळ खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी जवळून कापा. आणि पाणी ३० अंशांवर गेलं असेल तर भर दुपारी कुठलंच आमिष टाकू नका.